आईची कवळी

काचेचं दार ढकलून ती आत शिरली तेव्हा तिच्या हातात कुणा अनोळखी माणसाच्या दातांचा डबा होता, आणि समोर, भिंतीला टेकवलेल्या खुर्च्यांच्या रांगेत, तिची आई बसली होती. आधी तिला वाटलं, आईसारखा करडा कोट घातलेली ही दुसरीच कुणी म्हातारी असेल. शहरात करड्या कोटांना काय तोटा. पण पर्स मांडीवर उभी धरून तिच्या बंदावर दोन्ही हात ठेवून बसायची ती तऱ्हा दुसऱ्या कुणाची असणं शक्य नव्हतं. आई भिंतीवरच्या टीव्हीकडे बघत होती. आवाज बंद करून मासे दाखवत होते. हा दातांचा दवाखाना काही आईच्या नेहमीच्या डॉक्टरांचा नव्हता. आईचे डॉक्टर घरामागच्याच गल्लीत, आणि हा शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून. तिने काय करायला हवं होतं? ‘अगं आई, तू इथे कशी,’ म्हणायला हवं होतं. त्याऐवजी ती काउंटरलगतच्या पिण्याच्या पाण्याच्या यंत्राआड झाली. चाळिशी ओलांडलेली बाई, स्वतःच्या जन्मदात्रीपासून लपून, पोरासोरासारखी. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, “लॅबकडून ना? ठेवा इथेच.” तिने डबा ठेवला आणि सही करायला पेन उलटं धरलं. तेवढ्यात आतून हाक आली, “आजी, या आत,” आणि आई उठली, तोंडावर रुमाल धरून, हल्ली ती जशी उठते तशी, आणि आतल्या दाराआड गेली. मासे पोहत राहिले. ती बाहेर रस्त्यावर आली आणि बसच्या थांब्याच्या उलट दिशेने भराभर चालू लागली.

ती दात करायची. म्हणजे डॉक्टर माप पाठवणार आणि ती लॅबमध्ये बसून कवळ्या करणार. मेणात दात बसवायचे, हिरडीचा रंग जुळवायचा, घासून चकचकीत करून डब्यात घालायचं. शहरातल्या कितीतरी अनोळखी तोंडांत तिच्या हातचे दात जेवत होते, भांडत होते, खोटं बोलत होते. कामात ती चांगली होती, हे तिचे हितशत्रूही कबूल करत. आणि या बाईची सख्खी आई हिवाळ्यापासून बोळक्या तोंडाने वावरत होती. शेजारच्या टेबलावर चिनी मातीचे दात घडवणारे एक गृहस्थ बसत. लॅबमध्ये सगळे त्यांना पोर्सेलिनकाका म्हणत. ते एकदा चहा पिताना सहज म्हणाले होते, “दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच ताई.” ते हसले, ती पण हसली, आणि नंतर स्वच्छतागृहात जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

खरं म्हणजे आज ती इथे आलीच नसती. आज सकाळी तिने आईच्या कवळीच्या कामाचा डबा फळीवरून काढून टेबलावर ठेवला होता. झाकणही उघडलं होतं. आज करायचंच, असं तिने रात्री ठरवलं होतं, सकाळी ठरवलं होतं, बसमध्ये ठरवलं होतं, आणि टेबलाशी बसल्यावर पुन्हा एकदा ठरवलं होतं. इतक्यात डबे पोचवणाऱ्याच्या गाडीचं चाक बसल्याचा फोन आला आणि मालक म्हणाले, हे एवढं कोण देऊन येईल, आणि त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत ती कोट घालून उभी होती. “मी जाते ना.” आईच्या दातांपासून पळून जाताना तिला किती हलकं वाटलं होतं. बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली म्हणून ती खूश झाली होती.

लोकांना वाटतं, यात काय आहे, बसावं आणि करावं. शाळेत बाई म्हणत, मनावर घेत नाही ही मुलगी. नवरा म्हणे, जोवर तो होता तोवर, की तू कुठलीच गोष्ट मनावर घेत नाहीस. आता मनावर घेणं म्हणजे आणखी काय असतं? आईची कवळी तिने इतकी मनावर घेतली होती की मनावर दुसरं काही ठेवायला जागा उरली नव्हती. दात घासताना ती मनावर असे. दुकानात सफरचंदं दिसली की मनावर असे. डबा समोर असे, मेण समोर असे, सुरी हातात असे, आणि हात हलत नसे. थंडीत गार पाण्याचा पहिला तांब्या अंगावर घ्यायचा म्हणून माणूस तांब्या भरून उभा राहतो ना, तसं. फक्त तो तांब्या अर्ध्या मिनिटात ओतला जातो आणि हिचा तसाच वर राही, खांदा भरून येईस्तोवर. मग ती उठे. सुऱ्यांना धार लावे. फळी पुसे. दुसऱ्याचं एखादं किचकट काम, जे कुणी सांगितलेलं नाही, ते अंगावर घेई आणि झक्कास करून टाकी, आणि मालक म्हणत, बघा, हिच्यासारखं कामसू माणूस नाही. त्या शब्दाने तिला ओरबाडल्यासारखं होई.

गेल्या वर्षी तिने धीर करून एका डॉक्टरीणबाईंना दाखवलं होतं. त्यांनी तासभर प्रश्न विचारले, अगदी तिसरीतल्या प्रगतिपुस्तकापर्यंत गेल्या, आणि शांतपणे म्हणाल्या, याला एडीएचडी म्हणतात, लक्ष आणि सुरुवात दोन्ही हातातून निसटतात, मोठ्या माणसांतही असतो, तुम्ही आळशी नाही. ती तिथे रडली. नंतर औषधं आली, त्यांनी डोक्यातला कलकलाट बराच खाली आणला. घड्याळ लावून बसायची युक्ती आली, काम बारीक तुकड्यांत तोडायची युक्ती आली, आणि त्या युक्त्या नवीन होत्या तोवर छान चालल्याही. पण नाव कळल्याने पाय मोडलेला माणूस पळायला लागत नाही. आणि आईला तिने सांगितलंच नाही. काय सांगणार? आई म्हणाली असती, अगंबाई, मग माझंच काही चुकलं का. लहानपणी आई तिला भिंगरी म्हणायची. पायाला भिंगरी, डोक्याला भिंगरी. कौतुकाने म्हणायची की कंटाळून, हे तिला अजून नीट उमगलं नव्हतं.

अनोळखी माणसांच्या कवळ्या होत, कारण त्यांच्या मागे कुणीतरी ओरडणारं असे. डॉक्टरांचा फोन येई, पोचवणारा टेबलाशी उभा राहून हेल्मेटवर बोटं वाजवी, मालकांचा चेहरा आंबट होई. मग छातीत धडधडू लागे, कानशिलं तापत, आणि त्या धडधडीच्या धक्क्यावर तिचे हात सुरू होत. एकदा सुरू झाले की मग बघायला नको. आईच्या कवळीमागे कुणी नव्हतं. नेहमीच्या डॉक्टरांनी आईचे उरलेसुरले हलणारे दात काढले, हिरड्या भरू दिल्या, आणि हसत म्हणाले, आता पुढचं तुमच्या घरातच आहे, मी कशाला तारीख देऊ. तिथेच सगळं बिघडलं. पहिला ठसा तर तिने वाळवूनच टाकला. हिरड्यांचा ठसा घेतात तो माल ओला असतानाच त्यात प्लास्टर ओतावं लागतं, हे लॅबमध्ये झाडू मारणाऱ्यालाही ठाऊक असतं. तिने तो ओल्या फडक्यात गुंडाळून पर्समध्ये टाकला, वाटेत एका दुकानात दिव्यांच्या शेड बघायला शिरली, आणि पुढे कधीतरी किल्ली शोधताना तो हाताला लागला, संत्र्याच्या वाळक्या सालीसारखा वळलेला. डॉक्टरांनी दुसरा ठसा घेतला, तो पोर्सेलिनकाकांनी त्याच दिवशी भरून दिला. डॉक्टरांनी आईला मेण चावायला देऊन तिचे जबडे कसे मिटतात त्याचंही माप घेतलं. दात बसवणं तेवढं उरलं. नेमकं तिचं काम. तो डबा फळीवर गेला. पहिल्या आठवड्यात ते नुसतं काम होतं. मग ते काम आणि उशिराची सबब असं झालं. मग काम, सबब, आणि आईने एकदाही न विचारणं. आणि या तिसऱ्याचं वजन इतकं होतं की पहिली दोन त्याखाली दिसेनाशी झाली.

चालता चालता ती एका पुलावर आली होती. खालून मोटारी जात होत्या. आईने आपल्यावरचा भरवसा सोडला, असं तिने मनाशी स्पष्ट वाक्य केलं. रागावली असती तर बरं झालं असतं. भांडली असती, चारचौघांत बोलली असती, तर बरं झालं असतं. दोन बस बदलून, कुणाला न सांगता, आई परक्याच्या दारात जाऊन बसली होती. मुलीला वाईट वाटू नये म्हणून इतक्या लांब गेली होती. शहर एवढं मोठं, आणि या चांगुलपणापासून लपायला तिला एक पाण्याचं यंत्र सापडलं होतं.

संध्याकाळी घरी आई स्वयंपाकघरात होती. सुपाचा वास येत होता. आईने दोन ताटल्या मांडल्या, स्वतःच्या ताटलीत पावाचा मऊ गर काढून ठेवला आणि कडा तिच्या ताटलीत टाकल्या. हेही हिवाळ्यापासूनच चाललं होतं. पावाच्या कडा खाऊन खाऊन तिच्या दाढा दुखत.

“आज कुठे गेली होतीस का?” तिने विचारलं. प्रश्न नको तितका सहज आला.

“मी? जातेय कुठे. इथेच.” आई बोलताना ओठ आत वळायचे आणि शब्दांच्या कडा झिजायच्या. जन्मभर टेलिफोनच्या कचेरीत लोकांशी बोलून काढलेला आवाज होता तो. लोक म्हणे नुसता आवाज ऐकायला चुकीचे नंबर मागत. “तू का गप्प? लॅबमध्ये काही झालं?”

“नाही. काय व्हायचंय.”

“मग जेव. निवतंय.”

“आई.”

“काय?”

तोंडाशी आलं होतं. मी तुला पाहिलं. मला माफ कर. मला एक आजार आहे, आजार नाही, मेंदूची ठेवण आहे, मी तुला सांगितलं नाही. आईचे डोळे तिच्यावर होते, आणि त्या डोळ्यांत काहीतरी होतं, वाट बघितल्यासारखं, जवळजवळ मिश्कील. पण अपराधी माणसाला समोरच्याच्या डोळ्यांत आपला अपराधच दिसतो, तिलाही तोच दिसला. “मीठ कमी आहे,” ती म्हणाली.

“दातांबरोबर चव पण गेली बहुतेक,” आई म्हणाली आणि मीठ पुढे सरकवलं. तेवढंच. रुमालाआड थोडी हसलीही. तिने मीठ घातलं, ते जास्त झालं, आणि तिने तसंच सगळं संपवलं.

अंथरुणावर पडल्यावर तिच्या लक्षात आलं, आणि ती उठून बसली. तो दवाखाना लॅबचंच गिऱ्हाईक होता. म्हणून तर ती तिथे डबा घेऊन गेली होती. आईचं माप तिथून निघालं की येणार कुठे? तिच्याच लॅबमध्ये, आणि कवळ्या करणारी लॅबमध्ये ती एकटीच. बिचारी आई, मुलीला चुकवायला एवढी लांब गेली आणि फिरून तिच्याच टेबलावर येऊन पडणार. या योगायोगाचं तिला हसू यायला हवं होतं. तिला दरदरून घाम फुटला.

पुढचे दिवस तिने दाराकडे कान लावून काढले. पोचवणारा डबे आणी, ती एकेक उघडून बघे. अनोळखी, अनोळखी, अनोळखी. आणि मग एका सकाळी तिने एक डबा उघडला आणि चिठ्ठी न वाचताच तिला कळलं. टाळूच्या पुढच्या भागावर वळ्या असतात, आपल्याच जिभेने चाचपून बघाव्यात. प्रत्येकाच्या वेगळ्या, अंगठ्याच्या ठशासारख्या. या वळ्या तिला पाठ होत्या. डावीकडची तिसरी मध्येच फुटून दोन होत होती. चिठ्ठीवर होतं, स्त्री, वय सत्तरीच्या पुढे, वरची व खालची पूर्ण कवळी, मेणातली ट्रायल शुक्रवारी दुपारी, उशीर चालणार नाही. शेवटच्या शब्दांखाली दोन रेघा मारल्या होत्या.

तिने फळीवरून जुना डबा काढला. दोन्ही साचे शेजारी शेजारी ठेवले. ठेवायला नको होते, पण ठेवले. जुन्या साच्यावर हिरडीचा कंगोरा उंच होता, गोल, भरलेला, कवळीने हक्काने बसावं असा. नव्यावर तो खाली गेला होता, मधूनमधून सुरीच्या पात्यासारखा अरुंद झाला होता. दात काढल्यावर हाड झिजतंच, पहिल्या वर्षात तर भराभर. हे ती शिकाऊ मुलांना वाक्यात घालून सांगायची. खाली गेलेल्या हिरडीवर कवळी डुगडुगते, टोचते, जेवताना उचलली जाते. तिने नखाने नव्या साच्याचा कंगोरा चाचपला. ही झीज तिने केली होती. वयाने केली, हाडाने केली, असं शंभर जण म्हणाले असते. पण दोन साच्यांत जो फरक होता तेवढा काळ तिने सुऱ्यांना धार लावण्यात घालवला होता, आणि तो काळ इथे, प्लास्टरमध्ये, बोटाला लागत होता. तिला इतकं वाईट वाटलं की रडूही आलं नाही. तिने जुना साचा पालथा ठेवला.

आता तारीख होती. डॉक्टर होते, रेघा होत्या, मालक होते. परक्या माणसाच्या कामाला जे जे लागतं ते सगळं होतं. तेव्हा हात चालायला हवे होते. ते चालेनात. ही अनोळखी बाई आहे, असं तिने स्वतःला बजावून पाहिलं. वळ्या झाकाव्यात म्हणून टाळूवर मेणाचा पातळ पापुद्रासुद्धा टाकला. स्वतःला फसवायची तिला जन्माची सवय, पण इथे डाळ शिजेना. मंगळवार असाच गेला. बुधवारी तिने इतर तिघांच्या कवळ्या पुऱ्या केल्या, त्यातली एक तर पुढच्या आठवड्याची होती. गुरुवारी ती लवकर आली, घड्याळ लावलं, ते वाजलं, पुन्हा लावलं, पुन्हा वाजलं, आणि शेवटी पोर्सेलिनकाका म्हणाले, “ताई, ते तरी बंद करा, मला उगीच वाटतंय कुकर लावलाय.” संध्याकाळी मालकांनी येता येता विचारलं, “ती उद्याची वरची-खालची झाली?” ती म्हणाली, “होतेय.” होतेय हा शब्द तिच्या तोंडून इतक्या वेळा गेला होता की त्याची धार केव्हाच मेली होती.

आणि शुक्रवार उजाडला. टेबलावर बिजागरीचा पितळी जबडा, त्यावर आईची वरची आणि खालची हिरडी समोरासमोर बसवलेली, मध्ये मेणाची कोरी भिंत. दातांचा नवा संच पट्टीवर चिकटवलेला, प्रत्येक हिरडीला पुढचे सहा, मागचे आठ. नियम असा की सुरुवात वरच्या पुढच्या दोन दातांपासून करायची. तेच चेहरा ठरवतात. ते चुकले की माणूस ससा दिसतो किंवा मढं. चिमट्यात तिने पहिला दात धरला, मेण तापवलं, आणि तो दात त्या भिंतीजवळ नेताच समोर आईचं तोंड उभं राहिलं, रुमाल नसलेलं, उघडं, तिच्याकडे बघणारं. हात थांबला. मेण थिजलं. तिने पुन्हा तापवलं. पुन्हा थिजलं. घड्याळाकडे न बघताही तिला कळत होतं की सकाळ उतरू लागली आहे. छातीत धडधड सुरू झाली होती, नेहमीची, कामाला लावणारी. पण आज ती नुसतीच वाढत होती, हातांपर्यंत पोचतच नव्हती.

“द्या इकडे,” काका मान वर न करता म्हणाले. “जेवायच्या आधी बसवून टाकतो. कुणाला कळणार आहे?”

हे इतकं सोपं होतं. तिने जबडा उचलला. अर्ध्या वाटेपर्यंत नेलाही. आई आज दातांनी बोलली असती, कुणाच्या का हातचे असेनात. शहाणपणाचं तेच होतं, आणि उद्या कुणी विचारलं असतं तर तिनेच सांगितलं असतं की शहाणपणाचं तेच. काकांनी हात पुढे केला. त्यांची बोटं पांढऱ्या भुकटीने माखली होती. त्या बोटांत आईचा जबडा जाणार, या विचाराने तिला एकदम, अगदी लहान मुलासारखं, नको वाटलं. त्यात थोरपणा वगैरे काही नव्हता. नुसतं नको.

“काका,” ती म्हणाली, “ही माझी आई आहे.”

काकांनी मान वर केली. जबड्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं.

“माझ्याच्याने सुरुवात होत नाहीये. हिवाळ्यापासून. मी टाळत नाही, म्हणजे टाळतेय, पण मला टाळायचं नाहीये. तुम्ही माझ्याकडे बघू नका. पण उठूही नका इथून. बसून राहाल?”

काकांनी ब्रश पाण्यात बुडवला. मग चष्मा खाली ओढला. “उठतोय कुठे? कंबर धरलीये सकाळपासून,” ते म्हणाले आणि आपल्या चिनी मातीच्या दाढेकडे वळले.

ती बसली. शेजारी ब्रशची टोकं फिरत होती, मधूनच काकांचा एखादा सुस्कारा. पुढचे दात तिने पट्टीवर परत ठेवले आणि चिमट्यात शेवटची दाढ धरली, अगदी मागची, जी कुणालाच कधी दिसत नाही, जिला चेहरा नाही. तिथून कुणी सुरुवात करत नाही. शिकाऊ मुलाने केली असती तर तिनेच त्याच्या हातावर चापट मारली असती. तिने मेण तापवलं आणि ती दाढ वाकडीतिकडी, कशीतरी, मागच्या कोपऱ्यात रोवली.

“उलटीकडून?” काका पुटपुटले. बघत नव्हते म्हणे.

“हो.”

“बरं.”

दाढ तिरकी बसली होती. तिरकी बसलेली दाढ तिला बघवली नाही, म्हणून तिने ती सरळ केली. सरळ केली तर तिच्या शेजारची जागा ओकीबोकी दिसू लागली, म्हणून दुसरी लावली. मग समोरची, खालची, चाव्याला चावा मिळतो का बघायला. मग पितळी बिजागरी उघड-मीट. मेणाचा वास. दिव्याची निळी जीभ. केव्हातरी चहा आला आणि गेला असावा, कारण कपावर साय धरलेली तिला नंतर दिसली. धडधड कधी हातांत उतरली ते तिला कळलंच नाही, आणि कळलं तेव्हा ती पुढच्या दातांपर्यंत आली होती आणि जागा कमी पडत होती. मागून मोजत आलं की असंच होणार. पुढचे सहा दात सरळ रांगेत मावेनात. सगळं काढून पुन्हा लावायचं तर दुपार हातची जाणार. शपथेवर सांगायचं तर याच वेळी ती एरवी उठून गेली असती. निम्मं झालेलं आणि चुकलेलं काम तिच्या घरी पुष्कळ पडलं होतं. तिने सुळ्याशेजारचा एक दात किंचित वळवला आणि पुढच्यावर जराशी त्याची कड चढवली. दुसऱ्या बाजूलाही थोडंसं. मावले. पुस्तकात घालण्यासारखे नव्हते. कुणातरी खऱ्या माणसाचे असावेत, जन्मभर कामाला आलेले, असे मात्र दिसत होते. “गाडी आलीये खाली,” मालक दारातून म्हणाले. “डबा दे.”

“मीच नेते,” ती म्हणाली.

या वेळी बसमध्ये ती उभी राहिली, डबा दोन्ही हातांनी छातीशी धरून. पुढचं तिला दिसत होतं. ट्रायल म्हणजे काही शेवट नव्हे. डॉक्टर दुरुस्त्या सांगणार, त्या कराव्या लागणार, मग मेण काढून त्या जागी पक्का माल ओतणं, शिजवणं, घासणं. प्रत्येकाची वेगळी सुरुवात. सोमवारी पुन्हा तोच गार तांब्या. शिवाय ही कवळी बसेल का, हाच प्रश्न होता. हिरडी खाली गेली आहे. आई चावायला जाईल आणि ती उचलली जाईल. आणि आईला कळायला हवं की हे कुणी केलं, आणि किती उशिरा. आज सांगायचं. मिठाचं काढायचं नाही.

आई दवाखान्याच्या उंच खुर्चीत टेकून बसली होती, गळ्याशी कागदी रुमाल बांधलेला. डॉक्टर तरुण होता, हसरा, हातमोजे घालत होता. दारात मुलीला पाहून आईने दचकायला हवं होतं. आई दचकली नाही. तिने फक्त डोळे थोडे बारीक केले.

“लॅबच्या ताई स्वतः आल्यात,” डॉक्टर म्हणाला. “आजी, मान आहे तुमचा.” त्याने मेणातल्या दोन्ही कवळ्या आईच्या तोंडात बसवल्या, अंगठ्याने दाबल्या, गाल हलवून बघितले. खालची जराशी डुगडुगली. तिचा जीव खालीवर झाला. “हे आटोक्यात येईल,” तो म्हणाला. “हिरडी थोडी बसलीये त्यांची. आधी यायला हवं होतं, आजी. पण दात सुरेख लावलेत. अगदी तुमचेच वाटतात. काहीतरी बोला बघू.”

आईने ओठ मिटले, उघडले. हिवाळ्यापासून आत वळलेला तो ओठ दातांवर येऊन टेकला आणि चेहरा एकदम जागच्या जागी आला. तिला ते बघवेना आणि नजरही काढवेना.

“डॉक्टर,” आई म्हणाली, आणि शब्दांना पुन्हा कडा होत्या, “ही माझी मुलगी.”

डॉक्टर चकित होऊन दोघींकडे बघत राहिला. आई त्याच्याशी बोलत नव्हती. “डिरेक्टरी घेऊन बसले होते,” ती मुलीकडे बघून सावकाश म्हणाली, मेण हलू नये म्हणून एकेक शब्द जपून. “दवाखान्यांना फोन केले. विचारत होते, तुमच्या कवळ्या कुठून होऊन येतात. तुझ्या लॅबचं नाव येईस्तोवर विचारलं. आणि यांना म्हटलं, तारीख घाला, आणि खाली रेघ मारा.”

“आई.”

“परक्याचं काम तू कधी चुकवत नाहीस. लहानपणापासून बघतेय. शेजारणीचं दळण आणायला पळत जायचीस आणि आपलं तसंच. मला राग नाही गं भिंगरे. मला वाटलं, आपण परकं होऊन बघावं. चिठ्ठीवर नाव घालू नका म्हटलं. तुला कळायला नको होतं.”

खोलीत कुठलंसं यंत्र बारीक घुरघुरत होतं. तिने सांगायचं ठरवलेलं सगळं तिच्या डोक्यातून उडून गेलं, एडीएचडी या नावासकट, त्या डॉक्टरीणबाईंसकट. ते घरी, बसून, सावकाश सांगावं लागणार होतं. आत्ता एकच वाक्य उरलं.

“मला कळलं होतं, आई,” ती म्हणाली. “डबा उघडल्याबरोबर. तुझ्या टाळूवरून.”

आईने खुर्चीवरून मान उचलली.

“कळलं होतं,” आई म्हणाली, “आणि तरी केलंस?”

मुलीने होकाराची मान हलवली. डॉक्टरने चिमटा उचलला आणि म्हणाला, आजी, आता मोठा आ करा, पण आईला ते लगेच जमलं नाही.